ताप, वात आणि एका तरुण पेशव्याचे अखेरचे दिवस

तिकोणा पेठेतून गड चढून माथ्यावर गेले की पवना धरणाच्या पाण्यापलीकडे लोहगड आणि विसापूर दिसतात, एका अंगाला तुंग दिसतो. लोहगडावरचे एक मोठे पाणवठ्याचे बांधकाम नाना फडणविसांच्या काळातले, १७८९ च्या सुमाराचे. विसापूरच्या डोंगराआड कार्ला आणि वडगाव आहे. तिथे जानेवारी १७७९ मध्ये मराठ्यांनी इंग्रजांच्या फौजेला कोंडीत पकडले आणि तह करायला लावले. इंग्रज घाट चढून मावळात आले होते ते राघोबादादांना पुण्याच्या गादीवर बसवण्यासाठी. गादीवर त्या वेळी पाच वर्षेही पूर्ण न झालेला एक मुलगा होता. त्याच्यासाठी महादजी शिंदे आणि नाना फडणवीस लढत होते.

तो मुलगा म्हणजे सवाई माधवराव पेशवे. वडगावच्या विजयानंतर ते आणखी सोळा वर्षे जगले. एकविसाव्या वर्षी शनिवारवाड्यात वरच्या मजल्यावरून खाली कारंज्यावर पडून ते जखमी झाले आणि दोन दिवसांनी गेले. त्यांनी स्वतःहून जीव दिला की तापाच्या भरात भान हरपून ते पडले, हा वाद दोनशे वर्षांहून अधिक काळ चालू आहे. इतिहासकारांनी तो कागदपत्रांच्या आधारे घातला. वैद्यकाच्या बाजूने मात्र त्याकडे फारसे कोणी पाहिले नाही. शरीरातला दाह मनावर आणि विचारशक्तीवर काय परिणाम करतो, याबद्दल गेल्या दोन-तीन दशकांत जे कळले आहे त्यामुळे हा जुना प्रश्न वेगळा दिसू लागतो.

आयुष्याची सुरुवातच अशी की कोणत्याही बालरोगतज्ज्ञाने कपाळाला हात लावावा. वडील नारायणराव पेशवे यांचा ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यातच गारद्यांनी खून केला. आई गंगाबाई तेव्हा गरोदर होत्या. बारभाईंनी त्यांना पुरंदरावर नेऊन ठेवले आणि तिथे १८ एप्रिल १७७४ रोजी मुलगा झाला. चाळिसाव्या दिवशी त्याला पेशवाईची वस्त्रे मिळाली. तो तीन वर्षांचा असताना आई गेली. पुढे पानिपतात हरवलेल्या सदाशिवरावभाऊंच्या पत्नी पार्वतीबाई यांनी त्याला मायेने सांभाळले. त्याही १७८३ मध्ये गेल्या. त्याच वर्षी, नऊ वर्षे पूर्ण होण्याआधी, रमाबाईंशी लग्न झाले. पुण्याने तसा थाट क्वचित पाहिला असेल. व्यवस्थेची बारीकसारीक टिपणे नानांनी काढली होती, इतकी की कोणाला कुठे बसवायचे आणि पाहुण्यांची बरदास्त कशी ठेवायची हेही त्यात होते.

नानांबद्दल थोडे सांगायलाच हवे, कारण पुढचा सगळा दोष त्यांच्या माथी आला. ते क्रूर नव्हते. ज्या वाड्यात या मुलाच्या बापाचा खून झाला त्याच वाड्यात त्याला जिवंत ठेवायचे, आणि राज्यही चालवायचे, ही त्यांची अडचण होती. त्यावर त्यांनी काढलेला उपाय म्हणजे पहारा. कोणी भेटायचे, कोणी नाही, कुठे जायचे, काय शिकायचे, सगळे ठरलेले. मूल लहान असताना हे संरक्षण होते. तेच वीस वर्षांच्या तरुणाभोवती राहिले तेव्हा त्याला कैद म्हणण्यावाचून गत्यंतर नव्हते. आई-बाप नसलेल्या मुलाला अतिकाळजीने वाढवणारी घरे आजही आहेत, आणि त्यांची घुसमट दवाखान्यात पोटदुखी किंवा डोकेदुखी बनून येते.

या मुलाला प्राणी आणि पक्षी फार आवडत. पर्वतीच्या पायथ्याशी त्यांचा प्राण्यांचा संग्रह होता, त्यात गेंडाही होता. गंगाराम तांबट या चित्रकाराने त्या गेंड्याचे काढलेले चित्र आजही उपलब्ध आहे. इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट याच्या ओळखीने जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार पुण्याला आला आणि त्याने पेशव्यांचे, नानांचे आणि महादजींचे चित्रण केले. पेशवे आणि नाना एकत्र असलेले त्याचे १७९२ चे मोठे तैलचित्र लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीत आहे. चित्रातला तरुण गोरा, नाजूक बांध्याचा आहे. अंगावर दागिने भरपूर आहेत. चित्रावरून मनःस्थिती ओळखण्याचा मोह मात्र टाळलेला बरा.

१७९२ मध्ये महादजी उत्तरेतून पुण्याला आले. त्यांच्या सहवासात तरुण पेशवे खुलले. शिकार, रंग, मोकळी बोलणी. नानांच्या शिस्तीबाहेरचे एक जग त्यांना दिसले. ते फार टिकले नाही. १७९३ मध्ये पत्नी रमाबाई वारल्या. त्याच वर्षी यशोदाबाईंशी दुसरे लग्न झाले, त्या अगदी लहान होत्या. १२ फेब्रुवारी १७९४ रोजी महादजी वानवडीला तापाने गेले. त्याच वर्षी हरिपंत फडकेही गेले. रामशास्त्री प्रभुणे त्याआधी, १७८९ मध्येच गेले होते. ज्यांच्याशी मोकळेपणाने बोलता येईल अशी वडीलधारी माणसे एकामागून एक संपली आणि नाना तेवढे उरले.

११ मार्च १७९५ रोजी खर्ड्याला निजामाविरुद्ध लढाई झाली. मराठ्यांचे सगळे सरदार एका झेंड्याखाली आलेले ते शेवटचेच. विजय झाला. ग्रँट डफने नोंदवलेली एक हकिगत अशी की विजयानंतर पेशव्यांचा चेहरा उतरलेला पाहून नानांनी कारण विचारले. त्यावर, शत्रूने इतक्या सहज शरणागती पत्करावी आणि आपल्या लोकांनी कष्टाविना मिळालेल्या जयाची फुशारकी मारावी, या दोन्हींत ऱ्हास दिसतो म्हणून वाईट वाटते, अशा अर्थाचे उत्तर त्यांनी दिले. वीस वर्षांच्या मुलाची ही समज आहे. तिला आजार म्हणायचे कारण नाही. दुःखी माणूस नेहमी चुकीचेच पाहतो असे नाही.

त्यानंतर पत्रांचे प्रकरण घडले. राघोबादादांचे मुलगे बाजीराव आणि चिमाजी हे शिवनेरीवर नजरकैदेत होते. बाजीराव आणि पेशवे यांच्यात गुपचूप पत्रव्यवहार सुरू झाला. आपण दोघेही कैदीच आहोत, एक इथे आणि एक तिथे, असा त्यातला सूर होता. नानांना हे कळले. मध्यस्थाला कैद झाली, बाजीरावावरचा पहारा कडक झाला आणि पेशव्यांना कठोर शब्द ऐकावे लागले. ज्या चुलत्याच्या कारस्थानात वडिलांचा जीव गेला त्याच्याच मुलाशी मैत्री करावीशी वाटणे, यावरून त्यांच्या एकटेपणाची कल्पना येते.

आता त्या वर्षीचा ऑक्टोबर. दसरा २२ तारखेला होता. दसऱ्याच्या आधीपासून अंगात ताप होता आणि अशक्तपणा आला होता, असे मराठी बाजूच्या हकिगतींत येते. तरीही ते शिलंगणाच्या स्वारीत फौजेपुढे गेले आणि संध्याकाळी दरबारही झाला. रविवारी, २५ तारखेला सकाळी ते वाड्याच्या वरच्या मजल्यावरून कारंज्यावर पडले. हाडे मोडली, कारंज्याच्या नळीने मोठी जखम झाली. पुढचे दोन दिवस त्यांना शुद्ध होती. माणसे ओळखत होते. आपल्यानंतर बाजीरावाला गादी द्यावी ही इच्छा त्यांनी बोलून दाखवली. मंगळवारी, २७ ऑक्टोबरला, ज्यांच्यावर त्यांचा फार लोभ होता त्या बाबाराव फडक्यांच्या हातांत त्यांनी प्राण सोडला.

ग्रँट डफने १८२६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या इतिहासात निर्णय देऊन टाकला. घोर उदासीनता आणि जाणूनबुजून केलेली कृती. त्याच्या पुस्तकामुळे ही बाजू सर्वदूर पोचली. दुसऱ्या बाजूने ताप आणि वात यांवर भर दिला जातो. वात म्हणजे इथे संधिवात नव्हे. तापात बडबडणे, माणसे न ओळखणे, उठून पळू पाहणे याला मराठी घरांत वात झाला असे म्हणत आले आहेत. वैद्यकात यालाच डिलिरियम म्हणतात.

मन खचले होते की ताप डोक्यात गेला होता, असा हा वाद दोन टोकांना उभा आहे. यातले एक खरे तर दुसरे खोटे, असे दोन्ही बाजूंनी गृहीत धरले आहे. चूक तिथे आहे.

ताप म्हणजे केवळ शरीराचे तापमान वाढणे नव्हे. जंतू शिरला की पांढऱ्या पेशी निरोप पाठवू लागतात. हे निरोप म्हणजे सायटोकाइन नावाची छोटी प्रथिने. इंटरल्युकिन-६ आणि टीएनएफ ही त्यांतली दोन जास्त माहितीतली. त्यांच्या सांगण्यावरून यकृत सीआरपी हे प्रथिन तयार करते, जे आपण रक्त तपासून मोजतो. या सगळ्या प्रक्रियेला दाह म्हणतात. हे निरोप मेंदूपर्यंतही जातात. काही रक्तातून, जिथे रक्त आणि मेंदू यांच्यामधला अडसर विरळ असतो तिथून, तर काही छाती-पोटातून वर जाणाऱ्या व्हेगस या चेतातंतूमार्फत. मेंदूत मायक्रोग्लिया नावाच्या राखणदार पेशी असतात, त्या जाग्या होतात आणि स्वतः आणखी निरोप सोडतात. परिणाम प्रत्येकाने अनुभवलेला आहे. फ्लूमध्ये जेवावेसे वाटत नाही, बोलावेसे वाटत नाही, वाचलेले लक्षात राहत नाही, उगीच रडू येते. जंतू स्वतः मेंदूत गेलेला नसतो.

हे तपासून पाहण्यासाठी इंग्लंडमध्ये निरोगी तरुणांना टायफॉइडची लस टोचून प्रयोग झाले. लसीने रक्तातला इंटरल्युकिन-६ थोडा वाढतो, ताप मात्र येत नाही. तेवढ्यानेही काही तासांत त्यांचा मूड उतरला आणि प्रतिसाद मंदावला. कावीळ क साठी पूर्वी इंटरफेरॉनची इंजेक्शने दिली जात. तीही दाह वाढवणारीच. ती घेणाऱ्या बऱ्याच रुग्णांना खरेखुरे नैराश्य येई, काहींच्या मनात मरणाचे विचार येत, आणि त्यांत असे लोक असत ज्यांना आधी मनाचा कोणताही त्रास नव्हता. डॉक्टरांनी दिलेल्या औषधाने हे घडत होते, त्यामुळे स्वभावाला किंवा घरच्यांना दोष देण्याची सोय नव्हती.

दाह जोराचा असला, किंवा मेंदू आधीच थकलेला असला, की या मंदपणाच्या पुढची पायरी येते. तिथे लक्ष एकवटत नाही, दिवस-रात्र उलटते, भास होतात, आणि हे सगळे तासातासाला बदलते. सकाळी पेशंट छान बोलतो, संध्याकाळी ओळखत नाही, दुसऱ्या दिवशी पुन्हा नीट. डिलिरियमची हीच खूण आहे. त्यामुळे पेशव्यांनी अखेरच्या दोन दिवसांत सुसंगत बोलणे केले, यावरून पडताना ते शुद्धीवरच होते, असा निष्कर्ष निघत नाही. वैद्यकीय वॉर्डात काम केलेल्या कोणालाही हे पटेल. आणि दसऱ्याच्या दिवशी ते स्वारीत होते, यावरून ते आजारी नव्हते असेही ठरत नाही. पेशव्याने दसऱ्याला फौजेपुढे जायचेच असते. लोक अंगात ताप असताना लग्नाच्या बोहल्यावर उभे राहतात.

ऋतूही लक्षात घ्यायला हवा. पाऊस संपून ऊन तापणारा हा काळ. आयुर्वेदात शरद ऋतूला वैद्यांची आई म्हणतात ते उगीच नव्हे. पेशव्यांना कोणता ताप होता हे ठरवण्याचे साधन नाही. रुग्णाच्या अंगाला लावण्याजोगा छोटा थर्मामीटर आला १८६० च्या दशकात, आणि सिंकोनाच्या सालीतून क्विनाइन वेगळे काढले गेले १८२० मध्ये. त्या वर्षी तापाने आणखीही बळी घेतले. ज्याने त्यांचे चित्र काढले तो वेल्स महिनाभरातच, नोव्हेंबर १७९५ मध्ये, साष्टीत तापाने वारला.

दोन दिवसांत मृत्यू कशाने झाला, हा प्रश्न मात्र त्यामानाने सोपा. मांडीचे हाड मोडले की आतल्या आत लिटरभर रक्त सहज साठते. शिवाय हाडातली चरबी रक्तात मिसळून एक ते तीन दिवसांत फुप्फुसे आणि मेंदू गाठू शकते. थॉमस स्प्लिंट पहिल्या महायुद्धात वापरात येईपर्यंत मांडीच्या उघड्या अस्थिभंगाने बहुतेक सैनिक मरत. शनिवारवाड्यातल्या हाडवैद्याला दोष देण्यासारखे काही नव्हते.

आता मनाकडे. त्यांना बायपोलर आजार, म्हणजे उन्माद आणि नैराश्य आलटून पालटून येणारा आजार, असावा असे कधी कधी सहज म्हटले जाते. वय जुळते. हा आजार बहुधा किशोरवयाच्या अखेरीस किंवा विशीत पहिल्यांदा दिसतो. पण बायपोलर म्हणायला उन्मादाचा एक तरी काळ हवा. दिवसच्या दिवस झोपेची गरज न वाटणे, विचारांची गाडी सुसाट धावणे, अवाजवी खर्च, अवाजवी आत्मविश्वास. सवाई माधवरावांबद्दल असे काही सांगितलेले नाही. गेल्या शतकांतल्या माणसांवर आजारांची नावे चिकटवण्याचा उद्योग विज्ञानात बसत नाही, आणि आज तो आजार असलेल्यांचे त्यातून नुकसानच होते. बायपोलर म्हणजे शेवटी असेच होणार, असे त्यांना वाटू लागते.

तरीही हा आजार इथे उपयोगाचा आहे, कारण दाह, मनःस्थिती आणि विचारशक्ती यांची गाठ त्यात जितकी तपासली गेली तितकी थोड्याच आजारांत गेली असेल. उन्मादाच्या आणि नैराश्याच्या काळात अनेक रुग्णांच्या रक्तात सीआरपी, इंटरल्युकिन-६, टीएनएफ यांचे प्रमाण सरासरीने वाढलेले आढळते. आजार शांत असताना ते उतरते, सगळ्यांत मात्र पूर्ण नाही. दुसरीकडे, मनःस्थिती ठीक असलेल्या काळातही काही रुग्णांना लक्ष टिकवणे, ऐकलेले आठवणे आणि कामाची आखणी करणे जड जाते. घरचे म्हणतात, आता बरा झालास ना, मग बँकेतले साधे काम का जमत नाही? आळशी झाला आहेस. अनेक अभ्यासांत, ज्यांचा दाह जास्त त्यांची या चाचण्यांतली कामगिरी कमी, असा संबंध दिसला आहे.

संबंध दिसणे म्हणजे कारण सापडणे नव्हे. लठ्ठपणा, तंबाखू, मधुमेह, अपुरी झोप, हिरड्यांचे आजार यांनीही दाह वाढतो आणि बुद्धीही मंदावते, आणि या गोष्टी बायपोलर रुग्णांत जास्त आढळतात. काही औषधांनी वजन वाढते ते वेगळेच. सीआरपी तपासून कोणाला बायपोलर आहे की नाही हे कळत नाही. तसे सांगणाऱ्या लॅबच्या पॅकेजवर पैसे घालवू नयेत. दाह कमी करणारी औषधे जोड म्हणून देऊन पाहण्याचे प्रयोगही झाले. ॲस्पिरिन, सेलेकॉक्सिब, मिनोसायक्लिन यांचे निकाल कधी बरे, कधी काहीच नाही असे आले.

त्यातला एक प्रयोग इथे सांगण्यासारखा आहे. टीएनएफला अडवणारे इन्फ्लिक्सिमॅब हे सांधेदुखीच्या आजारात वापरले जाणारे औषध बायपोलर नैराश्याच्या रुग्णांना दिले गेले. २०१९ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. एकंदरीत फायदा नाही. पण ज्यांनी लहानपणी शारीरिक छळ सोसला होता त्यांच्या गटात फरक पडलेला दिसला. गट लहान होता, निष्कर्ष पक्का नाही. न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिन शहरात १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या हजारभर मुलांचा जन्मापासून आजवर पाठपुरावा चालू आहे. त्यांतल्या ज्यांचे बालपण छळाचे गेले त्यांच्या रक्तात बत्तिसाव्या वर्षीही दाहाच्या खुणा जास्त होत्या. लहानपणीचा धसका शरीराच्या संरक्षण यंत्रणेत मुक्काम करतो आणि पुढे ती लवकर पेटते, असा एक विचार यातून पुढे आला आहे.

पोरकेपण म्हणजे छळ नव्हे, आणि सवाई माधवरावांना कोणी मारझोड केलेली नाही. त्यामुळे हे निष्कर्ष त्यांना जसेच्या तसे लावता येत नाहीत. पण जन्माआधी वडिलांचा खून, तिसऱ्या वर्षी आई नाही, नवव्या वर्षी सांभाळणारी आजी नाही, विसाव्याच्या आत पत्नी आणि आधार देणारा सरदार नाही, सतत पहारा, आणि अखेरीस अपमान. त्या मनावर, त्या शरीरात ताप चढला. उदासीन माणसाला डिलिरियम झाला तर भासही त्याच्या दुःखाच्या रंगाचे होतात, आणि त्या अवस्थेत केलेल्या कृतीला निर्णय म्हणता येत नाही. डफने जाणूनबुजून हा शब्द वापरला, तो वैद्यकाच्या नजरेने सर्वांत कच्चा आहे. ताप चढलेला असेल तर जाणून घेण्याची शक्तीच आधी जाते. उदासीनता होती की ताप होता, याचे उत्तर बहुधा दोन्ही होते असे आहे. नानांच्या पहाऱ्याला त्यातला वाटा द्यावा लागतो. पण त्या सकाळचा सगळा दोष त्यांच्यावर टाकण्याइतका पुरावा नाही.

ही गोष्ट आजच्या घरांतही घडते. पवन मावळात भातलावणीच्या दिवसांत चिखलात उभे राहून काम करणाऱ्याला लेप्टोचा ताप येतो, पावसानंतर डेंग्यू असतो, म्हाताऱ्यांना लघवीच्या साध्या जंतुसंसर्गाने भ्रम होतो. तापातला माणूस असंबद्ध बोलू लागला, रात्री उठून दाराकडे जाऊ लागला, की घरात बाहेरचे काही लागले का याची चर्चा होते आणि एक-दोन दिवस त्यात जातात. काही वेळा उलटे असते. माणूस गप्प पडून राहतो, डोळे मिटून, आणि सगळ्यांना वाटते शांत झोपला आहे. हा गुपचूप डिलिरियम जास्त धोक्याचा, कारण तो कोणाच्या लक्षात येत नाही. तापात वागणे अचानक बदलले तर त्याच दिवशी, रात्र असेल तर रात्रीच, प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा रुग्णालयात न्यावे. तोवर माणसाला एकटे ठेवू नये, खाली, जमिनीलगत झोपवावे, दिवा चालू ठेवावा, ओळखीच्या माणसाने जवळ बसावे. चष्मा आणि कानाचे यंत्र काढून ठेवू नये. गॅलरी आणि जिन्याची दारे बंद ठेवावीत.

बायपोलरसाठी लिथियम घेणाऱ्यांनी तापाच्या बाबतीत आणखी सावध राहायला हवे. ऑस्ट्रेलियाचे जॉन केड यांनी १९४९ मध्ये उन्मादावर त्याचा उपयोग दाखवला आणि आत्महत्या टाळण्यात आजही त्याच्या तोडीचे औषध क्वचितच आहे. पण ताप, जुलाब, उलट्यांनी अंगातले पाणी कमी झाले की रक्तातले लिथियम वाढते. हात थरथरणे, तोल जाणे, गुंगी, गोंधळ ही त्याची लक्षणे, आणि घरच्यांना ती आजार उलटल्यासारखी वाटतात. त्यात दुकानातून आणलेली आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅकची गोळी पडली तर पातळी आणखी चढते. तापासाठी पॅरासिटामॉल चालते. पाणी भरपूर प्यावे, जेवणातले मीठ एकदम बंद करू नये, आणि डॉक्टरांना फोन करून लिथियमचे काय करायचे ते विचारावे. ज्यांच्या मनात जीव नकोसा झाल्याचे विचार येतात त्यांच्यासाठी टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येते.

सवाई माधवरावांना मूल नव्हते. पुढचे वर्ष गादीच्या झगड्यात गेले. चिमाजीला यशोदाबाईंच्या मांडीवर दत्तक देऊन मे १७९६ मध्ये पेशवा केले, ते टिकले नाही, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात दुसरे बाजीराव गादीवर आले. ज्याला गादी द्यावी असे मरणाऱ्या पेशव्याने सांगितले होते तोच हा. नाना १३ मार्च १८०० रोजी पुण्यात वारले. यशोदाबाईंना मात्र बाजीरावांनी पुण्यात राहू दिले नाही. त्यांच्या पुढच्या आयुष्याचा मोठा भाग रायगडावर नजरकैदेत गेला.